डब्यातली शमी

देवाशी माझं नातं बरीच वर्षं ऑफिसातल्या एचआरशी असतं तसं होतं. काम पडलं की जायचं, नम्रपणे बोलायचं, आणि काम झालं की पुढच्या कामापर्यंत त्या मजल्यावर फिरकायचं नाही. घरातलं भक्तीचं खातं आमच्या हिच्याकडे होतं आणि ती ते माझ्याही वतीने चालवत असे. मी आंघोळ करून येईपर्यंत पूजा झालेली असायची. मी नमस्कार करायचो, प्रसादाची साखर तोंडात टाकायचो आणि लिफ्टकडे धावायचो. नास्तिक म्हणावं इतकं माझं वाचन नाही, आणि भाविक म्हणावं इतका माझा वेळ नव्हता.

हिची श्रद्धा मात्र फार नेमकी होती. घरात काही अडलं की गणपतीला शमीची डहाळी वाहायची, एवढंच. हिचं माहेर बार्शीकडचं. तिथून हिचा भाऊ शमी सुकवून, कागदात गुंडाळून, आखातात येणाऱ्या ज्या कुणाच्या बॅगेत जागा असेल त्याच्याबरोबर पाठवायचा. भाजणीची पिशवी, शेंगदाण्याची चटणी आणि त्या दोघींच्या मध्ये शमी. ती मग एका चपट्या स्टीलच्या डब्यात जायची. तो डबा देव्हाऱ्याखालच्या खणात. ओंकारची, म्हणजे आमच्या मुलाची, बोर्डाची परीक्षा, नोकरीतली कपात, आजारपणं, सगळी त्या डब्यातून निभावली. माझ्या इथल्या ड्रायव्हिंग टेस्टच्या काळात तर हिने भावाला जास्तीची शमी पाठवायला सांगितली होती. तीही पुरली नाही, कारण मी नापास होण्यात सातत्य राखलं होतं.

या वर्षी आम्ही शारजातल्या अल नहदा भागातच एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत राहायला आलो. ही जेमतेम स्वयंपाकघर लावते न लावते तोच तिला पुण्याला जावं लागलं, आईच्या आजारपणासाठी. आई बरी झाली. पण तिथला एक जिना चढताना हिलाच दम लागला, आणि तपासण्यांमध्ये निघालं की हृदयाची एक झडप कामातून गेली आहे. डॉक्टर म्हणाले, विमानात बसायचं नाही, आणि थांबायचंही नाही. ओंकार त्याच सुमारास कॉलेजसाठी पुण्यात गेलेला. म्हणजे ही, मुलगा आणि संकट तिकडे, आणि मी इकडे.

तिकडे जाणं मला शक्य नव्हतं. दुबईतल्या जेएलटी भागातलं जुनं ऑफिस सोडून त्याच भागातल्या दुसऱ्या कंपनीत मी नुकताच लागलो होतो. जुना व्हिसा खलास, नवा इन्शाल्ला, अशा मधल्या अवस्थेत होतो. देशाबाहेर पाऊल टाकलं तर सगळं पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून म्हणजे बहुतेक नोकरीशिवाय. ऑपरेशनचा खर्च त्याच नोकरीवर उभा होता. मी म्हटलं, तरी येतो. ही म्हणाली, "येऊन काय करणार आहात? ऑपरेशन डॉक्टर करणार. तुम्ही नुसते नर्सला प्रश्न विचाराल." ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.

एकटं राहणं म्हणजे काय हे मला त्या आठवड्यांत कळलं. चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट, एसीची घरघर, आणि सकाळी सवयीने ओतलेला चहाचा दुसरा कप. जायच्या आधी हिने फ्रीजरमध्ये आमटीचे डबे करून ठेवले होते. सुरुवातीला मी ते मोठ्या खुशीत संपवले. हिच्या ऑपरेशनचं कळलं तेव्हा एकच डबा उरला होता, आणि मग तो खायचा हात होईना. रोज रात्री फ्रीजर उघडून तो आहे ना एवढं बघायचो आणि खालच्या हॉटेलातून पराठा मागवायचो. त्या टॉवरमध्ये शेकडो बिऱ्हाडं होती. लिफ्टमध्ये रोज माणसं भेटायची. सगळे एकमेकांच्या डोक्यावरच्या आकड्यांकडे बघायचे.

त्या इमारतीत माझी ओळख झाली ती एकाच कारणाने, आणि ते कारण म्हणजे एक झाड. इमारतीच्या मागे वाळूचं मोकळं मैदान आहे. सगळे तिथेच गाड्या लावतात. त्याच्या साधारण मध्यावर एक वेडंवाकडं, धुळकट झाड होतं. फांद्या खाली लोंबलेल्या, पानं इतकी बारीक की लांबून झाड आहे की झाडाला लागलेली बुरशी आहे असा प्रश्न पडावा. मला खात्रीने ओळखता येणारी झाडं तीन: नारळ, केळ आणि कुंडीतली तुळस. हे त्यांपैकी नव्हतं, त्यामुळे मी त्याला 'काटेरी काहीतरी' म्हणत असे. माझी गाडी पांढरी, सेकंडहँड पण आयुष्यातली पहिली मोठी. त्या झाडावर पारवे, साळुंक्या, बुलबुल असा सगळा प्रपंच नांदायचा आणि त्यांचा सकाळचा कार्यक्रम माझ्या टपावर व्हायचा. सावली हवी म्हणून गाडी तिथेच लावायची आणि पक्ष्यांना शिव्या द्यायच्या, असा माझा दुहेरी संसार चालू होता.

अशात ते मैदान सपाट करून, फरशा बसवून, रीतसर पार्किंग करायचं ठरलं. वॉचमन शफीकभाई घरोघर विचारत होते, "साब, मॅनेजमेंट पूछता है, पेड़ का क्या करना. काटना है तो परमिशन लेना पड़ेगा, सबका हां चाहिए."

"काटो शफीकभाई, यल्ला, जल्दी," मी दारातूनच म्हणालो होतो. एवढ्यावर थांबलो नाही. बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या टपाचा फोटो टाकून दोन परिच्छेद इंग्रजी लिहिलं. बऱ्याच जणांनी अंगठे दाखवले. इतक्या लोकांनी माझ्याशी सहमत होण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती. खरं सांगायचं तर त्या एकट्या दिवसांत मला त्या अंगठ्यांचीच सोबत वाटत होती.

ऑपरेशन शुक्रवारी सकाळचं होतं. हिला आत नेण्याआधी ओंकारने फोन लावून तिच्या कानाशी धरला. मी दात घासत होतो. ही हळू आवाजात म्हणाली, "अहो, शमी वाहिलीत ना?"

"हो हो. कधीच," मी फेसाळ तोंडाने म्हणालो.

"बरं. मग मी जाते," ही म्हणाली, आणि फोन ठेवला.

चूळ भरून मी खणातून डबा काढला आणि उघडला. आत शमी नव्हती. तळाशी मातकट चुरा आणि दोन-चार काड्या होत्या, त्याही कागदाला चिकटलेल्या. डबा उलटा करून टकटक केलं, तेव्हा थोडी धूळ पडली. घर बदलताना कधीतरी संपली असणार, आणि नवी ही आता येताना आणणार असेल. मी डबा हातात धरून देव्हाऱ्यासमोर उभा राहिलो. या क्षणापर्यंत मला कुणी विचारलं असतं की शमी वाहिल्याने झडप बरी होते का, तर मी हसलो असतो. पण हिने ज्या आवाजात 'मग मी जाते' म्हटलं होतं, तो आवाज माझ्या 'हो'वर पाय देऊन आत गेला होता. आणि तो 'हो' पोकळ होता.

घाबरलेला माणूस देवाशी सौदा करतो. मी ठरवलं, ती सुखरूप बाहेर आल्याची बातमी येईपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. असलं काही मी जन्मात केलं नव्हतं. फोन चार्जिंगला लावला आणि हातांना काम हवं म्हणून घर आवरायला घेतलं. आवरता आवरता दुपार झाली, कचऱ्याची पिशवी भरली. ती टाकायची खोली आमच्याच मजल्यावर, लिफ्टच्या पलीकडे आहे. मी घरातल्या अर्ध्या चड्डीत, बनियनवर, सपाता घालून गेलो. पिशवी टाकतो तोच मागे आमचं दार हवेने लागल्याचा आवाज आला. ती दारं लागली की आपोआप कुलूप होतात. किल्ली आत. फोन आत. आणि फोनच्या त्या टोकाला ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेला माझा मुलगा.

मी खाली पळालो. शफीकभाईंच्या खोलीला कुलूप. शुक्रवारची दुपार, ते नमाजाला गेले होते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मशीद मागच्या मैदानापलीकडे. तिथे जाऊन गाठावं म्हणून मी लॉबीतून बाहेर पडलो. लॉबीचं दारही मागे लागलं. त्याचं कार्डही अर्थातच वर. एका दिवसात दोन दारांनी मला बाहेर काढलं होतं. मशिदीसमोर चपलांचा समुद्र होता, माणसं रस्त्यापर्यंत ओळीने उभी होती, आणि मी त्या वेषात. तिथे कुणाच्या खांद्यावर टकटक करणार? मी मागे फिरलो.

इथला उन्हाळ्यातला दुपारचा उजेड ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगणं अवघड आहे. ऊन वरून येत नाही, सगळीकडून येतं. वाळूतून, गाड्यांच्या पत्र्यातून, समोरच्या टॉवरच्या काचांतून. सूर्य डोक्यावर असल्याने इतक्या उंच इमारतींची सावली त्यांच्याच पायाखाली गेलेली. नमाजाच्या वेळेपुरती दुकानं बंद. कुणाच्या फोनवरून ओंकारला फोन लावावा तर त्याचा नंबर पाठ नाही. हिचाही नाही. डोक्यात एकच नंबर पक्का होता, आमच्या डोंबिवलीच्या जुन्या घरातला, जो कधीच बंद पडला. वर पाहिलं तर खिडक्याच खिडक्या. त्यांतली एकही खिडकी माझ्या ओळखीची नव्हती. माझ्याच घराची कोणती तेही मला खालून सांगता आलं नसतं. सपातांचे तळ मऊ व्हायला लागले तेव्हा मैदानात फक्त एकच काळा ठिपका दिसत होता, आणि मी काही न ठरवता त्या ठिपक्यात जाऊन उभा राहिलो.

ते झाड मी पहिल्यांदाच आतून पाहिलं. लोंबलेल्या फांद्या जमिनीपर्यंत येत होत्या, त्यामुळे आत एक खोलीच झाली होती. दार नसलेली, म्हणून कुलूपही नसलेली. बाहेरच्या भट्टीत आणि आत इतका फरक होता की मी आधी कुठे पाण्याचा फवारा चालू आहे का ते पाहिलं. खोडाशी एक मांजर पोट जमिनीला लावून पडलं होतं. वरच्या फांद्यांवर माझे सगळे शत्रू बसले होते, पारवे, साळुंक्या, चोची उघड्या टाकून, धापा टाकत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुणीही हललं नाही. त्यांच्या हिशोबी मी आणखी एक प्राणी होतो, उन्हातून आलेला. मी खोडाला पाठ लावून वाळूत बसलो.

बसल्यावर मात्र धीर सुटला. आतापर्यंत धावपळ होती, आता काहीच नव्हतं. तिकडे या क्षणी काय चाललं असेल ते मला कळायचा कुठलाही मार्ग नव्हता. मी प्रार्थना करायचा प्रयत्न केला. पण मला मागणंच येत होतं, आणि मागण्याबरोबर द्यायला काहीतरी लागतं अशी माझी समजूत. इतकी वर्षं मी 'हे होऊ दे, मग ते करीन' अशाच भाषेत बोललो होतो. आता द्यायला काय होतं? खिशात किल्लीसुद्धा नव्हती. नोकरी अर्धी, व्हिसा अर्धा, कपडे तर अर्ध्याहून कमी. हिला दिलेला शब्दही खोटा. मग नुसतंच मनात आलं, की आता माझ्या हातात काही नाही. ही तक्रार नव्हती. पाठीमागच्या खोडाला टेकावं तसं ते वाक्य कशाला तरी टेकलं, आणि तिथेच राहिलं. हात मात्र अस्वस्थ होता. समोर लोंबणारी फांदी बोटांतून ओढत बसलो होतो. एक बारीक काटा बोटात गेला तेव्हा भान आलं. एक डहाळी तुटून हातात आली होती. ती टाकावी कुठे म्हणून खिशात घातली.

नमाज सुटला. माणसं गाड्यांकडे निघाली. एक म्हातारा पठाण, पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर, फांद्या बाजूला करून आत आला. बहुधा तो रोजच तिथे बसत असावा, कारण खोडाच्या फटीत त्याची चटई ठेवलेली होती. माझ्याकडे पाहून त्याला आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. चटई अंथरली, अर्धी माझ्याकडे सरकवली आणि थर्मासचं झाकण भरून पाणी पुढे केलं.

"नहीं चाचा, मैं नहीं पी सकता."

"रोज़ा है?"

"नहीं. बीवी का ऑपरेशन चल रहा है, इंडिया में. खबर आने तक नहीं पिऊंगा, ऐसा बोला है."

"किसको बोला?"

"ऊपरवाले को."

"उसने मांगा था?"

मी झाकणातल्या पाण्याकडे बघितलं.

"फिर बीवी ने बोला होगा, प्यासा रहो?"

"नहीं. मैंने ही सोचा."

"तो तुम ही छोड़ दो," तो म्हणाला. "बीवी अच्छी होके आएगी, इन्शाल्ला. तब तुम भी तो होना चाहिए घर पे. दरवाज़ा कौन खोलेगा?"

त्याला माझ्या दाराबद्दल काहीच माहीत नव्हतं. मी झाकण घेतलं आणि प्यायलो. आणखी एक भरून दिलं, तेही प्यायलो. मला वाटलं होतं की नियम मोडल्याचं काही वाटेल. रडू आलं, एवढंच झालं. चाचाने दुसरीकडे बघितलं, फांदीवरच्या साळुंकीशी बोलावं तसं काहीतरी पश्तोत पुटपुटला, स्वतः प्यायला आणि तळाचं उरलेलं पाणी खोडाशी ओतलं. "इसका भी हिस्सा है," म्हणाला, आणि आडवा झाला.

थोड्या वेळाने शफीकभाई नमाजाहून परतताना तिकडे वळले. त्यांनी फांद्या उचलून आत डोकावलं आणि मला त्या अवतारात पाहून हसू दाबायचा प्रयत्नही केला नाही. "अरे, काटनेवाला साब! आप इधर, पेड़ के नीचे?"

"दरवाज़ा बंद हो गया, शफीकभाई. मास्टर चाबी लाओ, जल्दी."

फ्लॅटमध्ये शिरलो तेव्हा फोनच्या पडद्यावर ओंकारचे न उचललेले कॉल एकाखाली एक दिसत होते. इतके कॉल चांगल्या बातमीसाठी कुणी करत नाही. मला परत फोन लावायची हिंमत होईना. मी देव्हाऱ्यासमोर गेलो. रिकामा डबा तिथेच उघडा पडला होता. खिशात हात गेला, ती डहाळी निघाली, थोडी चुरगळलेली. ती गणपतीच्या पायाशी ठेवली. म्हणालो, "देवा, शमी नाही. सकाळी मी हिच्याशी खोटं बोललो. हे मागच्या पार्किंगमधलं आहे. चालवून घे." आणि फोन लावला.

ओंकार इथे वाढलेला मुलगा. आम्ही मराठीत विचारायचं आणि त्याने इंग्रजीत उत्तर द्यायचं, ही आमच्या घरची पद्धत. फोन लागताच तो म्हणाला, "व्हेअर वेअर यू?" मग एकदम म्हणाला, "बाबा, मला खूप भीती वाटली होती." ब्लड प्रेशर मध्येच फार खाली गेलं होतं. नर्स धावत आत-बाहेर करत होत्या, कुणी काही सांगत नव्हतं, आणि तो एकटा बाकावर बसून मला फोन लावत होता. "बट शी इज ओके नाऊ. डॉक्टर आत्ताच येऊन सांगून गेले. ओके आहे आई."

"मलाही वाटली होती रे," मी म्हणालो. तो तिकडे रडला, मी इकडे. आम्ही दोघं एकमेकांना इतकं कळेल असं पूर्वी कधी बोललो नव्हतो. तिचं प्रेशर कोणत्या क्षणी सावरलं आणि मी त्या क्षणी कुठे होतो, हे मी कधी जुळवून पाहिलं नाही. जुळवायचं नाही असंच ठरवलं. त्या दिवशी संध्याकाळी मी आमटीचा शेवटचा डबा बाहेर काढला, गरम केला आणि भाताबरोबर पूर्ण खाल्ला.

मग रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी त्या झाडाची एक डहाळी आणून वाहायचा मी नेम केला. त्यामागे ज्ञान काही नव्हतं. एकदा चाललं ते बदलू नये, एवढी साधी भीती होती. ही अतिदक्षता विभागातून वॉर्डमध्ये आल्यावर ओंकारने व्हिडिओ कॉल लावला. चेहरा उतरलेला, केस विस्कटलेले, आवाज नुसता श्वास. मला म्हणाली, "देव दाखवा." मी फोन देव्हाऱ्याकडे वळवला आणि मनाशी कबुलीची वाक्यं जुळवत होतो, तोच ही म्हणाली, "अहो, ओली शमी? ही कुणी आणून दिली?"

"कसली शमी? ते खालच्या झाडाचं आहे. पार्किंगमधलं."

"कॅमेरा जवळ न्या. अजून जवळ." मग म्हणाली, "खाली जा. मला झाड दाखवा."

मी तसाच फोन धरून लिफ्टने खाली गेलो. या वेळी किल्ली घेऊन. हिने मला खोड दाखवायला लावलं, काटे दाखवायला लावले, लोंबणाऱ्या बारीक शेंगा मुठीत धरून दाखवायला लावल्या. पुण्यातल्या त्या खाटेवर पडून ती ते झाड मुळापासून शेंड्यापर्यंत बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "सौंदड आहे हो. आमच्या मारुतीच्या देवळामागे हेच आहे. दसऱ्याला सगळा गाव जातो त्याच्याकडे. शेंगा खायचो आम्ही याच्या. हीच शमी. इतकी वर्षं मी दादाकडून डब्यातून मागवतेय, आणि ती तुमच्या गाडीवर सावली धरून उभी." पुढे म्हणाली, "तुम्हाला एक झाड दाखवायला देवाला माझं काळीज उघडावं लागलं." हसली, आणि टाके ओढले म्हणून लगेच थांबली.

तेव्हा मी सांगून टाकलं. डबा रिकामा होता. सकाळी खोटं बोललो होतो.

"मला माहीत होतं," ही म्हणाली. "निघायच्या आधी मीच बघितला होता डबा."

"मग विचारलंस कशाला?"

"तुम्ही हो म्हणावं म्हणून."

मागे ओंकार म्हणाला, "गाईज, शी नीड्स टु रेस्ट," आणि फोन बंद झाला. मी त्या झाडाखाली किती वेळ उभा राहिलो ते आठवत नाही.

पुढे ऑफिसातल्या एका स्थानिक सहकाऱ्याकडून कळलं की याला इकडे ग़ाफ म्हणतात, आणि या देशाने ते आपलं झाड म्हणून मानलं आहे. त्याची मुळं वाळूत इतकी खोल जातात की वर पाऊस नसला तरी ते हिरवं असतं. त्याच्या आजोबांच्या काळी अशा झाडाखाली माणसं भर उन्हाळा काढत, त्याचा पाला उंटांना, आणि अडीनडीला माणसांनाही. महामार्गांच्या कडेला अशी कितीतरी झाडं मी आणि हिने गाडीतून पाहिली होती. एकदाही नीट पाहिली नाहीत. इथलं सगळं परकं, आपलं जे असेल ते बॅगेतून येईल, हे आम्ही इतकं गृहीत धरलं होतं की आपलंच झाड दारात असूनही आम्ही सुकलेला पाला समुद्रापलीकडून मागवत राहिलो.

आता मला ते झाड वाचवायचं होतं, आणि ते तोडण्याच्या बाजूने सगळ्यात जोरदार इंग्रजी माझंच होतं. ग्रुपवर लिहिलं की मी माझं मत मागे घेतो. सगळ्यात आधी उत्तर आलं ते हसऱ्या चेहऱ्यांचं. कुणीतरी माझाच टपाचा फोटो परत टाकला. मी देवाबिवाचं काही लिहिलं नाही. एवढंच लिहिलं की एका दुपारी मी बाहेर अडकलो होतो आणि या झाडाने मला आत घेतलं. मग केरळच्या एक आजी, ज्या कधी ग्रुपवर बोलत नसत, त्यांनी लिहिलं की त्यांची नात शाळेची बस याच झाडाखाली उभी राहून पकडते. एका डिलिव्हरीवाल्याच्या भावाने लिहिलं की त्याचा भाऊ दोन ऑर्डरींच्या मध्ये इथेच बसतो. मी शफीकभाईंबरोबर मॅनेजमेंटच्या ऑफिसात गेलो.

"साब, अब आप ही बोलते हो मत काटो?" त्यांनी वाटेत विचारलं.

"हां."

"पक्का? कल चिड़िया फिर करेगी गाड़ी पे."

"करने दो."

झाड राहिलं. फरशा त्याच्या भोवतीने वळवल्या, मुळांना मोकळी जागा सोडली. त्यात काही गाड्यांच्या जागा गेल्या, त्यांत माझीही. आता माझी गाडी दिवसभर उन्हात असते आणि स्टिअरिंगला हात लावण्याआधी मी रुमाल गुंडाळतो. एक फांदी तिथपर्यंतही पोचते, पण सावलीसाठी नव्हे, फक्त पक्ष्यांसाठी. रोज सकाळी टप पुसताना मला राग येतच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. थोडा येतो. पण पुसताना मनात येतं, की मला ते झाड शमी निघाल्यावर कळलं. शमी नसतं निघालं तरी त्या दुपारी त्याने मला तितकीच सावली दिली असती. पारव्याला त्याचं नाव लागत नाही, चाचाला त्याच्या खोडाच्या फटीत चटई ठेवायला देवळाची खूण लागली नाही. तोडायला काढलेल्या प्रत्येक झाडाबद्दल मला आता भीती वाटते, की ते कुणाचं तरी काय असेल, आणि तो कुणीतरी कुठल्यातरी चौदाव्या मजल्यावर ते न ओळखता झोपला असेल.

थंडी सुरू झाल्यावर ही परत आली. विमानतळावरून घरी आलो तेव्हा मी सामान काढत होतो. ती लॉबीकडे गेली नाही. हळूहळू, एका हाताने छाती धरून, मागच्या मैदानाकडे चालायला लागली. भावाने शमी दिली आहे का हे मी विचारलं नव्हतं. तिने आणली नव्हती. फांद्या बाजूला करून ती आत गेली, खोडाला तळवा लावला आणि उभी राहिली. हळदकुंकू नाही, उदबत्ती नाही. विमानात मिळालेल्या पाण्याच्या बाटलीत थोडं पाणी उरलं होतं, ते तिने मुळाशी ओतलं. त्या झाडाची मुळं ज्या खोलीवर पाणी पितात, तिथे ते घोटभर पाणी पोचणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

"चला," ही म्हणाली. "किल्ली घेतलीत ना?"

"हो," मी म्हणालो, आणि या वेळी खिसा चाचपून पाहिला.

तो चपटा डबा देव्हाऱ्याखाली अजून आहे. रिकामाच आहे. मी एकदा त्यात काहीतरी ठेवू म्हटलं, तर ही नको म्हणाली. त्या दुपारी झाडाच्या दारात जाताना माझ्याजवळही काही नव्हतं, आणि मला तसंच आत घेतलं गेलं. रोज नमस्कार करताना आता मी काही मागत नाही, असं नाही. जुनी सवय आहे. पण मागून झाल्यावर थोडा वेळ तसाच उभा राहतो, हात रिकामे ठेवून, खोडाला टेकल्यासारखा.